वाघाटीचा वेल आणि टेकडीवरचं बांधकाम: फुलपाखराचं घर म्हणजे नेमकं काय?

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना पानात वाघाट्याची भाजी हवी, ही पुण्यातल्या आणि आसपासच्या बऱ्याच घरांतली जुनी रीत. त्या एक-दोन दिवसांत मंडईत वाघाटी चढ्या भावानं जातात, मग वर्षभर त्यांची कुणाला आठवण नसते. ही फळं ज्या वेलावर येतात त्याचे काटे वाघनखांसारखे मागे वळलेले असतात, म्हणून नाव वाघाटी. पुण्याच्या टेकड्यांवर खडकाच्या कपारीत, बोरी-बाभळीच्या आधारानं हा वेल अजून तग धरून आहे. पायोनियर, कॉमन गल, ग्रेट ऑरेंज टिप, सायकी या फुलपाखरांच्या अळ्या याच वेलावर किंवा त्याच्या भाऊबंद वनस्पतींवर वाढतात. समोर हिरवागार आंबा असला तरी त्या त्याला तोंड लावणार नाहीत.

त्याच टेकडीवर इमारतींचा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आला की कागदावर मात्र लिहिलेलं असतं: जमीन खडकाळ, पडीक, तुरळक झुडपे. वेताळ टेकडीतून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद असो, की बीडीपीच्या, म्हणजे जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या, जमिनींवर बांधकामाला मोकळीक द्या ही पुन्हा पुन्हा वर येणारी मागणी असो, दर वेळी एक प्रश्न विचारला जातो. फुलपाखरांसाठी प्रकल्प अडवायचा? ती उडून दुसरीकडे नाही का जाणार? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आपण फुलपाखरू फक्त उडताना पाहतो, म्हणून तो प्रश्न पडतो.

पान आधी, फूल नंतर

पावसाळ्यात साधारण तीन-चार दिवस अंडं, दोनेक आठवडे अळी, आठ-दहा दिवस कोष, आणि मग पंख. आपल्याकडच्या बऱ्याच फुलपाखरांचा हा हिशोब. म्हणजे आपण ज्याला फुलपाखरू म्हणतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा. त्याआधीचे साडेतीन-चार आठवडे ते एका झाडाशी, बहुतेकदा एका फांदीशी बांधलेलं असतं. अळी ज्या वनस्पतीची पानं खाऊन वाढते तिला खाद्यवनस्पती म्हणतात. हा एक शब्द नीट समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

फुलातला मध फुलपाखराला कुठल्याही फुलावर चालतो, घाणेरीवरसुद्धा. पण अळीचं तसं नाही. तान्ह्या बाळाला जसं आईचं दूधच लागतं, पुरणपोळी कितीही चांगली असली तरी त्याच्या उपयोगाची नाही, तसं अळीचं आणि खाद्यवनस्पतीचं नातं असतं. मादी अंडं घालण्याआधी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान ठोकून त्याची चव घेते, खात्री पटली तरच अंडं चिकटवते. कॉमन मॉर्मनला कढीपत्ता किंवा लिंबू लागतो, ब्लॅक राजाला चिंच, कॉमन इमिग्रंटला बहावा.

रुईवरचं प्लेन टायगर बघण्यासारखं आहे. रुईचं पान तोडलं की चिकट पांढरा चीक येतो आणि त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या तीन जोड्या. ती थेट पान खायला सुरुवात करत नाही. आधी पानाची मधली शीर कुरतडते, चीक तिथूनच बाहेर वाहू देते, आणि शिरेच्या पुढचं, चीक उतरलेलं पान खाते. तरी काही विष अंगात राहतंच, ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी पंखांच्या वाटेला जात नाही.

याच भीतीवर आणखी एक फुलपाखरू जगतं. डॅनेड एगफ्लाय. त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अंगात विष नसतं, पण पक्षी फसतात. या सोंगाचा उपयोग कधी? आसपास खरी प्लेन टायगर भरपूर असतील तेव्हाच, नाहीतर पक्ष्यांना धडा मिळणार कुठून? तिच्या अळीला लागते घोळ, तीच आपली भाजीची घोळ, मांसल पानांची, लालसर देठांची, पावसात उघड्या जमिनीवर पसरणारी. म्हणजे या एका फुलपाखरासाठी जवळजवळ उगवलेली रुई आणि घोळ दोन्ही हवीत. हे फुलपाखरू वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे तिथेच, बरीच वर्षं नोंदलेलं होतं. आणि रुई आणि घोळ या दोन्हींना सोसायटीच्या बागेचा कंत्राटदार तण म्हणतो आणि पहिल्याच दिवशी उपटतो.

ओसाड दिसणारी टेकडी

पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या. वर माती काही इंचांची, तीही सगळीकडे नाही. अशा जागी दाट जंगल मुळातच येत नाही. गवत, काटेरी झुडपं, वेल आणि मध्ये मध्ये उघडा खडक हेच तिथलं नैसर्गिक रूप. फुलपाखरांना हेच लागतं, कारण ती थंड रक्ताची. सकाळी उन्हात तापलेल्या दगडावर पंख पसरून बसल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. बोरीच्या झुडपावर कॉमन सिल्व्हरलाइनची अळी पानं जोडून आडोसा करते. पोट वर उचलून चालणाऱ्या काळपट मुंग्या तिच्याभोवती राखण करतात, कारण अळी त्यांना अंगातून गोड द्रव देते. ती मुंगी नसेल तर परजीवी गांधीलमाशी अळीला सहज गाठते. म्हणजे नुसती बोर असून भागत नाही.

ओढ्याच्या कडेच्या ओल्या मातीत नर फुलपाखरं थव्यानं बसून क्षार शोषतात, त्याला चिखलपान म्हणतात. ते क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातात आणि अंड्यांच्या कामी येतात. आणि टेकडीचा माथा? काही जातींचे नर माथ्यावर येऊन एखादी फांदी धरून बसतात, आल्या-गेल्यावर झेप घेतात. माद्या त्यांना शोधत वर येतात. विखुरलेल्या, संख्येनं कमी असलेल्या जातींना जोडीदार भेटण्याची ही ठरलेली जागा. माथा सपाट करून तिथं पाण्याची टाकी आणि प्रेक्षणीय स्थळ केलं, तर उतारावरच्या वनस्पती शाबूत राहूनही ही भेट हुकते.

आता टेकडीला ओसाड ठरवण्यातली सगळ्यात मोठी चूक सांगते, ती वेळेची. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालासाठी माहिती बहुतेकदा एकाच हंगामात गोळा होते, आणि तो हंगाम पावसाळा वगळून निवडला जातो. हवेच्या प्रदूषणासाठी त्यात तथ्य असेल. फुलपाखरांसाठी हे म्हणजे मे महिन्यात शाळा बघून 'इथे विद्यार्थी नाहीत' असं लिहिणं. उन्हाळ्यात टेकडीवर फुलपाखरं दिसत नाहीत, कारण बरीचशी कोषात किंवा सुस्तावलेल्या अवस्थेत असतात. घोळ तर तेव्हा फक्त मातीतल्या बियांच्या रूपात असते. टेकडी खऱ्या अर्थानं जागी असते ती जुलै ते नोव्हेंबर.

उडून जातील की दुसऱ्या टेकडीवर?

अंडी, अळ्या आणि कोष उडत नाहीत, हे पहिलं उत्तर. ज्या दिवशी जेसीबी येतो त्या दिवशी तिथल्या फुलपाखरांपैकी बहुतेक या तीन अवस्थांत असतात.

दुसरं उत्तर अंतराचं. नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू तळहाताएवढं, जोरदार उडणारं. ते शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाऊ शकतं. नखाएवढी निळी फुलपाखरं मात्र आयुष्यभरात काहीशे मीटरच्या परिसरातच फिरतात. त्यांच्यासाठी टेकड्यांची साखळी ही पालखीच्या मुक्कामांसारखी आहे. पुण्याहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरला थांबते, मग यवतला. मधला एक मुक्काम काढून टाकला तर धडधाकट वारकरी कसेबसे चालतील, पण म्हाताऱ्या माणसांची वारी तिथेच संपेल. पाषाण, बाणेर, वेताळ, हनुमान, पर्वती-पाचगाव, तळजाई या टेकड्यांतली एखादी काढा किंवा दोन टेकड्यांमधला झुडपांचा पट्टा काढा, आणि कमी उडणाऱ्या जाती दोन्ही बाजूंना अडकून पडतात. अशा अडकलेल्या जागी एखाद्या वर्षी वणवा लागला किंवा पाऊस हुकला की ती जात तिथून संपते, आणि शेजारून पुन्हा भर घालायला कोणी येत नाही. जात देशभरात 'दुर्मीळ' ठरण्याच्या कितीतरी आधी ती अशी गावागावातून नाहीशी होत असते.

शिवाय शेजारची टेकडी रिकामी नसते. तिथल्या वाघाटीवर तिथल्या अळ्या आधीच असतात.

बाग करून देतो, झाडं लावून देतो

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त पटतो. जाहिरातीत 'बटरफ्लाय पार्क' असतो. प्रत्यक्षात तिथे लॉन असतं, हंगामी फुलांचे वाफे असतात, महिन्याला कीटकनाशकाची फवारणी असते आणि रात्रभर दिवे असतात. फुलं आहेत म्हणून फुलपाखरं येतात, लोक फोटो काढतात, पण अंडी घालायला जागा नाही. ती बाग म्हणजे हॉटेल. आणि ज्या अळीनं कढीपत्त्याची चार पानं खाल्ली तिच्यासाठी माळी औषध घेऊन येतो.

कढीपत्ता, लिंबू, कण्हेर, पानफुटी एवढं लावून आणि फवारणी बंद करून सात-आठ सामान्य जाती बागेत नक्की वाढवता येतात, ते करायलाच हवं. पण वाघाटी, जुनी बोर, ईश्वरीचा वेल, खाजकोलती, टेंभुर्णी हे बागेत सहसा येत नाही. जुनी वाघाटी उपटून दुसरीकडे लावू म्हणाल तर तिचं मूळ खडकाच्या फटीत खोल गेलेलं असतं. ते तुटल्याशिवाय निघत नाही, आणि तुटलेल्या मुळाचा वेल सहसा जगत नाही.

झाडं लावण्याचाही पुण्याला अनुभव आहे. टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. लवकर वाढतं, गुरं फारशी खात नाहीत, उन्हाळ्याच्या तोंडावर गुलाबी फुलांनी सुंदर दिसतं. हेतू चांगला होता. पण हे झाड मध्य अमेरिकेचं, इथल्या फुलपाखरांच्या अळ्यांना त्याचा जवळपास काही उपयोग नाही, आणि त्याच्या दाट सावलीत खालचं गवत आणि झुडपं मरतात. तेव्हा 'तोडलेल्या एका झाडामागे पाच झाडं' या हिशोबात झाडांची संख्या वाढते आणि खाद्यवनस्पती कमी होतात, हे दोन्ही एकाच वेळी घडू शकतं.

कायदा आहे ना?

आहे, पण तो काय धरतो आणि काय सोडतो ते बघावं लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यादीतलं फुलपाखरू पकडणं, मारणं, विकणं रोखतो. २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि याद्या नव्यानं मांडल्या गेल्या, त्यामुळे जुन्या लेखांतली अनुसूची तपासल्याशिवाय अर्जात लिहू नका. सुनावणीत एवढ्याशा चुकीवरून सगळा अर्ज हलका ठरवला जातो. पण फुलपाखरू यादीत असलं म्हणून त्याची वाघाटी आपोआप वाचत नाही. जागा वाचायला जागेलाच दर्जा लागतो: अभयारण्य, सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव, खासगी किंवा गावाच्या जमिनीवर सामुदायिक राखीव, किंवा जैवविविधता कायदा, २००२ खाली जैविक वारसा स्थळ. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला हा शेवटचा दर्जा २०२० मध्ये मिळाला, म्हणजे शहरात हे होऊ शकतं.

वृक्षतोडीच्या परवानगीत झाडं मोजली जातात. वेल, गवत, घोळ त्या तक्त्यात येतच नाहीत. पर्यावरण मंजुरी २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला लागते, पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणून सामान्य नागरिकाला बोलायची खरी जागा उरते विकास आराखड्याची.

तिथे पुण्याकडे दोन भक्कम नियम आहेत. पहिला, १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला आणि जमीन कापून सपाट करायलाही बंदी. पाच मीटर पुढे जाताना एक मीटर किंवा अधिक चढ असेल तर तो उतार यात येतो. दुसरा बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, १९९७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर. रेषा नकाशावर आहे, पण ती बदलताही येते, आणि बदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते.

ज्यांची जमीन आहे त्यांनी काय करायचं?

हा आक्षेप टाळून पुढे जाणं अन्यायाचं होईल. बीडीपीतली बरीच जमीन खासगी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारलेल्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर नाव आहे, आणि शेजारच्या सपाट जमिनीला कोटीचा भाव. मोबदला ठरला तो आठ टक्के टीडीआर. टीडीआर म्हणजे आरक्षणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारं, शहरात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारं बांधकामाचं क्षेत्र. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. त्याचे आठ टक्के म्हणजे सुमारे ३२४ चौरस मीटर. इतर आरक्षणांना याच्या कित्येक पट मिळतं. मोबदला कमी म्हणून मालक देत नाही, महापालिका ताब्यात घेत नाही, आणि मधल्या काळात गुंठ्या-गुंठ्यानं बेकायदा बांधकामं चढतात. टेकडी वाचवणाऱ्यांनी मोबदला वाढवण्याची मागणी मालकांच्या बरोबरीनं लावून धरायला हवी. फुलपाखरू वाचवायचं तर त्याची किंमत एका शेतकऱ्यानं एकट्यानं का मोजावी?

आणि ही किंमत फक्त फुलपाखरांची नाही. जी गवताळ माती घोळ-बोरीला धरून ठेवते तीच पावसाचं पाणी मुरवते. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेला पूर ओढ्याकाठच्या वस्त्यांनी सोसला आहे.

हरकत कशी लिहायची

'टेकडी आमचा श्वास आहे' हे खरं आहे, पण अधिकाऱ्याला त्यावर निर्णय लिहिता येत नाही. त्याला जागा, तारीख आणि नोंद लागते. ती अशी तयार होते.

टेकडीवर सुमारे ५०० मीटरची एक ठरलेली वाट निवडा, त्यात माथा, उतार आणि ओढा तिन्ही येतील अशी. जुलै ते डिसेंबर, दर पंधरा दिवसांनी, ऊन असलेल्या सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान त्याच वाटेनं सावकाश चाला. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातच दिसलेली फुलपाखरं मोजा. वाऱ्याच्या किंवा ढगाळ दिवसाची मोजणी धरू नका, आकडे खाली येतात आणि समोरचा तेच आकडे वापरतो. पण मोजणीपेक्षा मोलाचं आहे ते पान उलटून बघणं. वाघाटीच्या कोवळ्या पानावर बाटलीच्या आकाराचं, उभ्या रेघांचं अंडं दिसलं तर त्याचा फोटो, पानाचा फोटो, वेलाचा फोटो आणि मागची ओळखू येणारी खूण, असे चार फोटो घ्या. मोबाइलमध्ये स्थान नोंदवणं सुरू ठेवा. फुलावर बसलेल्या सुंदर फुलपाखराचा फोटो फार काही सिद्ध करत नाही, ते कुठूनही आलेलं असू शकतं. अंडं आणि अळी सांगतात की ते इथे जन्मतं.

ओळख पटवायला फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार नाव दुरुस्त करतात. मग प्रत्येक खाद्यवनस्पतीची जागा सर्व्हे नंबरशी जुळवा. नोंदीची एक प्रत महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यायची विनंती करा. तिथे आलेली गोष्ट पुढे 'माहितीच नव्हती' म्हणून टाळता येत नाही.

मंजूर आराखड्यातला छोटा बदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो आणि हरकतीला सूचनेपासून एक महिना मिळतो. अर्जात सर्व्हे नंबर, नकाशा, तारखांचा तक्ता आणि नेमकी मागणी लिहा. एकाच मजकुराची हजार पत्रं बऱ्याचदा एकच हरकत म्हणून मोजली जातात, त्यापेक्षा वेगवेगळ्या नोंदींची दहा पत्रं द्या. सुनावणीला बोलवा असं लिहा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पर्यावरण मंजुरी दिली गेली असेल तर परिवेश संकेतस्थळावर ती सापडते. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील ३० दिवसांत करावं लागतं, पुरेसं कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत, त्यापुढे नाही. न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे.

मागणी काय करायची?

मडक्यांच्या उतरंडीत खालचं मडकं आधी ठेवतात. इथे सगळ्यात खालचं मडकं म्हणजे टाळणं: माथा, ओढा आणि खाद्यवनस्पतींचे गट नकाशावर आधी सोडून द्या आणि मग इमारत कुठे बसते ते पाहा. त्यावर कमी करणं: टेकडीकडे तोंड असलेले दिवे नकोत, असलेच तर पिवळे आणि खाली वळवलेले, कुंपण खालून मोकळं, लॉनऐवजी स्थानिक गवत आणि त्याची कापणी नोव्हेंबरनंतर, तीही एकदम सगळी नाही, तिसरा हिस्सा दर वर्षी सोडून. त्यावर दुरुस्ती: गिरिपुष्प टप्प्याटप्प्यानं काढून बोर, टेंभुर्णी, वाघाटी त्याच टेकडीवरच्या बियांपासून वाढवणं. भरपाईचं मडकं सगळ्यात वर, सगळ्यात लहान. बहुतेक प्रस्ताव सुरुवातच त्या मडक्यापासून करतात. तेव्हा सुनावणीत पहिला प्रश्न हा विचारा: वाघाटीचे वेल तुमच्या नकाशात कुठे दाखवले आहेत, आणि ते कोणत्या महिन्यात जाऊन पाहिलेत?